डॅशबोर्डच्या लायटी लपझप करतात, नवी बॅटरी टाकूनही तेच

जुळे_सोलापूरकर | रविवार, रात्री ९:५२

मंडळी, गाडी २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, ८७ हजार किलोमीटर झालेत. गेल्या मंगळवारी तुळजापूरहून दर्शन करून परत येत होतो. तामलवाडी ओलांडली आणि डॅशबोर्डची लाइट लपझप करायला लागली. गड्ड्याच्या जत्रेत जनरेटर दमला की पाळण्याच्या माळा कशा करतात, अगदी तसं. काटे जागेवर, गाडी व्यवस्थित पळतेय, फक्त उजेड कमी-जास्त. मध्येच स्टेअरिंगचा पिवळा दिवा लागला आणि गेला. बायको म्हणाली, देवीला जाऊन आलोय, काही होत नाही. मी मात्र सोलापूर येईपर्यंत रेडिओ, एसी सगळं बंद करून, श्वास धरून गाडी आणली.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजात दाखवली. त्यांनी टर्मिनल हलवून बघितलं आणि "साहेब, बॅटरी गेली" म्हणाले. चार वर्षं झालीच होती, म्हटलं असेल. साडेचार हजार गेले. आसरा चौकापर्यंत आलो नाही तोवर गतिरोधकावर परत लपझप. आता तेच गॅरेजवाले म्हणतात अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करतो तो) बदला, नऊ हजार. व्हिडिओ काढलाय, टाकतो. कुणाला असा अनुभव?

लगा_काय | रविवार, रात्री १०:०५

नव्या बॅटरीला लिंबू-मिरची बांधली नाही काय लगा?

शेंगाचटणी | रविवार, रात्री १०:१८

अल्टरनेटरच. माझ्या मावसभावाच्या गाडीला सेम झालं होतं. खात्री करायची तर सोपी युक्ती आहे: गाडी चालू ठेवा, बॅटरीची एक वायर काढा. गाडी बंद पडली की अल्टरनेटर गेला, चालू राहिली की चांगला. दोन मिनिटांचं काम.

सात_रस्ता_ऑटो | रविवार, रात्री १०:३१

चटणीभाऊ, हे करू नका आणि कुणाला सांगूही नका. मी २२ वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय. ही युक्ती डायनॅमोच्या काळातली, तेव्हा गाडीत कॉम्प्युटर नव्हता. चालू गाडीत बॅटरी हा एक प्रकारे रांजण असतो, अल्टरनेटरचा उसळा तो पोटात घेतो. अल्टरनेटर जोरात चार्ज करत असताना बॅटरी एकदम तोडली की रेग्युलेटरला आवर घालायला जो क्षण लागतो, त्यात व्होल्टेज कुठल्या कुठं जातं. आत संरक्षण नसेल तर शंभरच्या आसपाससुद्धा. ईसीएम (गाडीचा कॉम्प्युटर), मीटर, म्युझिक सिस्टिम, काय काय जाईल सांगता येत नाही. माझ्याकडे अशा तीन गाड्या आल्यात, तिन्ही "फक्त चेक करायला" वायर काढलेल्या.

जुळे सोलापूरकर, अल्टरनेटरला अजून हात लावू नका. आधी एवढं सांगा:

लपझप फक्त मीटरची आहे का हेडलाइट आणि आतला छतावरचा दिवाही करतो? रात्री गाडी भिंतीसमोर उभी करून बघा. सगळेच दिवे एकदम कमी-जास्त होत असतील तर दोष मुळाशी आहे, म्हणजे चार्जिंग किंवा अर्थिंग. फक्त मीटरच करत असेल तर मीटरच्या मागचं सॉकेट, आतला टाका, नाहीतर उजेड कमी-जास्त करायचं ते गोल बटण.

उभ्या गाडीत होतं का फक्त धक्का बसल्यावर? रेस दिल्यावर वाढतं का कमी होतं?

चावी किंचित हलवली तर फरक पडतो का? इग्निशन स्विचचे आतले पॉइंट झिजले की असंच होतं. जाडजूड किचेन लटकवणाऱ्यांना जास्त.

कडक_भाकरी | रविवार, रात्री ११:१०

व्हिडिओ बघितला. त्यावरून काही ठरवू नका. त्यात मीटर सारखा फडफडतोय, पण तो मोबाइलचा खेळ आहे. एलईडीचा उजेड कमी ठेवायला तिला सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याच्या शटरला कळतं. तुमच्या शेजाऱ्याच्या चांगल्या गाडीचा मीटर शूट करून बघा, तोही फडफडेल. (आमच्या लॅबमध्ये मुलं दरवर्षी हा "दोष" शोधून आणतात.) डोळ्यानं दिसतंय तेवढंच खरं धरा.

जुळे_सोलापूरकर | सोमवार, रात्री ८:४०

भिंतीसमोर लावून बघितलं. सात रस्ता साहेब, तुम्ही म्हणता तसं सगळंच होतंय. मीटर, हेडलाइट, छतावरचा दिवा, तिन्ही एकदम. मला वाटत होतं फक्त मीटर, कारण नजर तिथंच जायची. चावी हलवून काही नाही. रेस दिली तरी फारसा फरक नाही. पण दोन गोष्टी नव्या दिसल्या. इंडिकेटर लावला की टिक-टिकच्या तालावर हेडलाइट पण किंचित दबतात. आणि बॉनेटच्या आत रेडिएटरचा पंखा सुरू झाला की एकदम बसतात आणि उठतात. हॉर्नलाही तेच.

माग_वायरमन | सोमवार, रात्री ९:०२

मी गाडीचा माणूस नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांची वायरिंग करून निवृत्त झालो. पण हे वाचून हात शिवशिवले. घरात न्यूट्रल लूज झाला की काय होतं? मिक्सर लावला की ट्यूब मंदावते, फ्रीज सुरू झाला की टीव्ही दचकतो. एकाचं ओझं दुसऱ्याला कळतं, कारण परतीची वाट दोघांची एक आणि ती अरुंद झालेली. इंडिकेटरच्या तालावर हेडलाइट नाचत असतील तर मला तरी ही परतीच्या वाटेची गोष्ट वाटते. गाडीत न्यूट्रलच्या जागी बॉडी असते ना?

सात_रस्ता_ऑटो | सोमवार, रात्री ९:२५

काका, दंडवत. माझ्या पोरांना हे समजवायला मला वर्ष लागतं.

बरोबर, गाडीत प्लस वायरनं जातो आणि मायनस पत्र्यावरून परत येतो. बॅटरीच्या मायनसपासून साधारण दोन जाड वायरी निघतात, एक बॉडीला, एक इंजिन किंवा गिअरबॉक्सला. सेल्फचा दोन-दोनशे अँपिअरचा करंट इंजिनच्या वायरनं जातो. दिवे, ब्लोअर, हॉर्न, स्टेअरिंगची मोटर हे सगळे बॉडीच्या वायरनं. म्हणून बॉडीची अर्थिंग खराब असली तरी गाडी एका सेल्फला उठते, आणि मग लोक म्हणतात बॅटरी-अर्थिंग ओके आहे.

पण अंदाजावर नऊ हजार वाचत नाहीत आणि अंदाजावर खर्चही करू नयेत. मल्टिमीटर घ्या, नव्या पेठेत साडेतीनशे-चारशेला साधा मिळतो. लाल वायर मीटरच्या V लिहिलेल्या भोकात. "10A" लिहिलेल्या भोकात चुकून घातली आणि बॅटरीवर टेकवली तर सरळ शॉर्ट. माझ्या दुकानात येणाऱ्या निम्म्या मीटरांचा फ्यूज असाच उडालेला असतो.

पहिलं, सकाळी गाडी सुरू करायच्या आधी बॅटरीवर. १२.६ च्या पुढे म्हणजे भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी.

दुसरं, सेल्फ मारताना कुणाला तरी आकडा बघायला लावा. साडेनऊच्या खाली जायला नको.

तिसरं, गाडी चालू, सगळं बंद. १३.८ ते १४.५ च्या मधे हवं. मग हेडलाइट, ब्लोअर फुल, मागच्या काचेचा डीफॉगर, सगळं लावा. तरी साडेतेराच्या वर टिकलं तर अल्टरनेटर आपलं काम करतोय. (अलीकडच्या काही गाड्यांत कॉम्प्युटर मुद्दाम चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथं हा आकडा खालीवर दिसेल. तुमची २०१२ ची, बहुतेक साधी.)

चौथं, याच अवस्थेत मीटर एसी व्होल्टवर करा. अल्टरनेटर आत एसीच बनवतो, डायोड त्याचा डीसी करतात. एखादा डायोड गेला की एसीची लहर गळते आणि दिवे बारीक थरथरतात. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर डायोड प्लेट संशयित. चांगल्या अल्टरनेटरवर शंभरावा हिस्साभर दिसेल.

पाचवं सगळ्यात महत्त्वाचं, ते उद्या लिहितो. गिऱ्हाईक आलंय.

शेंगाचटणी | सोमवार, रात्री ९:४४

वायर काढायची युक्ती मागे घेतो. मावसभावालाही फोन केला. त्याचं म्युझिक सिस्टिम त्याच आठवड्यात गेलं होतं. आम्ही इतके दिवस कंपनीला शिव्या देत होतो.

पुण्यातला_सोलापूरकर | सोमवार, रात्री १०:१५

बॅटरीच्या विषयावरून आठवलं. आपल्याकडे अजून लोक बोअरचं पाणी बॅटरीत घालतात का? आमच्या वडिलांच्या ट्रॅक्टरला घरगड्यानं घातलं होतं, सहा महिन्यांत प्लेटा पांढऱ्या. डिस्टिल्ड वॉटरच हवं. आणि मे महिन्यात सोलापूरचं ४२-४३ अंश म्हणजे बॉनेटखाली भट्टी. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगानं होतात, आत गंजण्याची क्रियाही. आपल्याकडे बॅटरी तीन-चार वर्षांत दम टाकते ते उगाच नाही.

कडक_भाकरी | मंगळवार, सकाळी ७:२०

सात रस्ता दादा दुकानात असतील, पाचवं मी लिहिते. त्यांच्या मनात व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट गळतात ते, असणार.

गाडी चालू, सगळी ओझी लावलेली. मीटर डीसी व्होल्टवर. काळी वायर बॅटरीच्या मायनसच्या खांबावर टेकवा, क्लॅम्पवर (वायरच्या पकडीवर) नाही, शिशाच्या खांबावरच. लाल वायर बॉडीच्या उघड्या धातूवर, रंग नसलेल्या एखाद्या बोल्टवर. चांगल्या अर्थिंगला ०.१ च्या खाली दिसतं. ०.२ च्या वर गेलं तर वाटेत अडथळा आहे. मग लाल वायर इंजिनच्या धातूवर ठेवून तोच आकडा घ्या.

आता कुणी म्हणेल, ओहम लावून बघितलं, शून्य दाखवतं, मग अर्थिंग ठीकच. तिथं लोक फसतात. हिशोब करा. दोन हेडलाइट ५५-५५ वॅटचे, त्यांचेच नऊएक अँपिअर. ब्लोअर आणि डीफॉगर धरून पस्तीसच्या घरात. वाटेत फक्त ०.०२ ओहम असला तरी ०.०२ गुणिले ३५, म्हणजे ०.७ व्होल्ट गेले. साडेतीनशेच्या मीटरच्या वायरींचाच रोध ०.२-०.३ ओहम असतो, त्याला ०.०२ काय दिसणार. ओझं टाकल्याशिवाय हा दोष दिसत नाही. वाळलेल्या ओढ्यावरचा पूल पडका आहे की नाही हे पूर आल्यावर कळतं, तसं.

आणि ०.७ काय एवढं, असं वाटत असेल तर हेही बघा: हॅलोजन बल्बला व्होल्टेज दहा टक्क्यांनी कमी मिळालं की उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी पडतो. म्हणून डोळ्याला एवढं जाणवतं.

सात_रस्ता_ऑटो | मंगळवार, दुपारी २:०५

ताई, पाचवं हेच. काळी वायर खांबावर हे कुणी सांगत नाही, तुम्ही सांगितलंत. क्लॅम्प आणि खांब यांच्यात पांढरा बुरा असला तर क्लॅम्पवर टेकवून तो दोष लपतो.

जुळे_सोलापूरकर | बुधवार, रात्री ९:१५

आज मीटर आणला. मुलगा आकडे वहीत लिहीत होता, मी वायरी टेकवत होतो. बायको सेल्फ मारायला.

सकाळी उभी: १२.६
सेल्फ मारताना: १०.४
चालू, सगळं बंद: १४.३
सगळं लावून: १३.८
एसीवर: ०.०४
मायनस खांब ते गिअरबॉक्स: ०.०५
मायनस खांब ते बॉडी: ०.७२

शेवटचा तीनदा बघितला. आणि बॅटरीच्या बाजूनं खाली उतरणारी काळी वायर मुलानं हातानं हलवली तर १.३ पर्यंत उडी मारून परत ०.६. त्याच वेळी भिंतीवरचा उजेड नाचला. मुलगा ओरडला, "बाबा, सापडलं!"

लगा_काय | बुधवार, रात्री ९:१९

नऊ हजार वाचले की बे! पार्टी कुठं?

सात_रस्ता_ऑटो | बुधवार, रात्री ९:३३

पोराला माझ्याकडे पाठवा, शिकवतो.

अल्टरनेटर टणटणीत आहे, विषय संपला. आता ती वायर जिथं बॉडीला बोल्टनं बसते तिथं टॉर्च लावून नीट बघा. गंज, हिरवट बुरा, तुटलेले तार. आणि एक विचारतो: गेल्या दोन-तीन महिन्यांत पुढच्या बाजूला काही काम केलंय का? अपघात, डेंटिंग, काहीही?

जुळे_सोलापूरकर | बुधवार, रात्री ९:५०

हो. संक्रांतीत गड्ड्याच्या गर्दीत एका टमटमनं डावं मडगार्ड घासलं होतं. डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं. पण ते बाहेरून. त्याचा काय संबंध?

माग_वायरमन | बुधवार, रात्री ९:५२

अरे देवा.

कडक_भाकरी | बुधवार, रात्री ९:५५

हे पहिल्या दिवशी लिहायचं होतं हो! बॅटरी कुठल्या बाजूला आहे?

जुळे_सोलापूरकर | बुधवार, रात्री १०:०१

डाव्या. 🙈

सात_रस्ता_ऑटो | बुधवार, रात्री १०:२०

रागावू नका त्यांना. गिऱ्हाईक कधीच सांगत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं रंगाचा आणि लायटीचा संबंध नसतो. आपणच विचारायचं. मी बुधवारपर्यंत विचारलं नाही, ती माझी चूक.

झालं असं असणार. मडगार्ड ठोकायला बॅटरी आणि खालचा ट्रे काढला. अर्थिंगचा बोल्ट खोलला. आतल्या पत्र्यावरही रंग मारला, चांगलं काम म्हणून. मग वायरचा डोळा (टोकाची गोल कडी) रंगावर ठेवून बोल्ट आवळला. रंग म्हणजे इन्सुलेशन. मग करंट जातो कुठून? फक्त बोल्टच्या आट्यांमधून. सुरुवातीला आटे नवे घासलेले, चाललं. महिना-दीड महिना रस्त्याचे हादरे, दोनदा गाडी धुतली, आट्यांत ओल गेली, पकड ढिली झाली. मग तुळजापूर.

अशीच एक जुनी व्हॅन माझ्याकडे आली होती. तिची अर्थिंग इतकी खराब की करंट परतायला अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढत होता. केबल गरम होऊन आतलं प्लॅस्टिक वितळलं, रेस अडकायची. मालक कार्ब्युरेटर साफ करून करून थकला होता.

करायचं असं: आधी मायनसचा क्लॅम्प काढा, दहा नंबरचा पाना. (पहिला मायनसच. प्लस सोडवताना पाना पत्र्याला लागला तर ठिणगी.) बॉडीचा बोल्ट खोला. डोळा जिथं टेकतो तेवढ्या गोलातला रंग पॉलिशपेपरनं चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा. डोळ्याच्या दोन्ही बाजू घासा. दातेरी वायसर टाका, घट्ट आवळा. सगळं बसल्यावर वरून पेट्रोलियम जेली, म्हणजे ओल जाणार नाही. आधी जेली लावून मग आवळू नका. घड्याळ पुन्हा लावावं लागेल, आणि म्युझिक सिस्टिमला कोड असेल तर हाताशी ठेवा.

शेंगाचटणी | बुधवार, रात्री १०:४१

नवी वायरच टाकली तर?

सात_रस्ता_ऑटो | बुधवार, रात्री १०:४६

वायर चांगली असेल तर कशाला. नवी वायर रंगावर बसवली तर दोष नवा होऊन परत येईल. घासल्यावरही आकडा ०.२ च्या वर राहिला तर मात्र डोळ्याजवळच्या क्रिंपमध्ये (वायर दाबून बसवलेली असते तिथं) बघा, रबराखाली तारा काळ्या पडलेल्या असतात.

जुळे_सोलापूरकर | रविवार, दुपारी १२:३०

झालं! सकाळी घरीच केलं. बोल्ट काढला तर डोळ्याच्या खाली चकचकीत पांढरा रंग, डोळ्याचा गोल छाप उमटलेला, आणि त्या गोलाच्या कडेला एका जागी काळा डाग, भाजल्यासारखा. फोटो काढून ठेवलाय. पॉलिशपेपर दहा रुपये, वायसर हार्डवेअरवाल्यानं फुकट दिला.

मायनस खांब ते बॉडी आता ०.०३. वायर हलवली, बॉनेटवर बुक्की मारली, हॉर्न वाजवला, आकडा हलत नाही. इंडिकेटर लावला तर हेडलाइट ढिम्म. संध्याकाळी विजापूर रोडला चक्कर मारून बघतो, स्टेअरिंगचा पिवळा दिवा येतो का ते.

कडक_भाकरी | रविवार, दुपारी १२:४८

तो दिवा येणार नाही बहुतेक. स्टेअरिंगची मोटर वळवताना एकदम खूप अँपिअर ओढते, आणि तिची अर्थिंगही बॉडीलाच. व्होल्टेज पडलं की ती घाबरून दिवा लावते.

लगा_काय | रविवार, दुपारी १:०२

रंगवाल्याला काय म्हणालात?

जुळे_सोलापूरकर | रविवार, रात्री ९:२०

दिवा नाही आला. आसरा चौकातल्या गतिरोधकावरून मुद्दाम दोनदा गेलो.

रंगवाल्याकडे येताना थांबलो होतो. फोटो दाखवला. तो म्हणाला, "साहेब, आतून पण रंग मारला, जास्तीचे पैसे घेतले काय?" यावर काय बोलणार.

माग_वायरमन | रविवार, रात्री ९:४०

आणि जुनी बॅटरी? ती तर चांगलीच असणार ना?

जुळे_सोलापूरकर | रविवार, रात्री ९:५१

काका, जखमेवर मीठ नका चोळू. आठशे रुपयांत बदल्यात दिली होती. काल त्या गॅरेजवरून गेलो, त्यांच्या सामानाच्या टेम्पोचं बॉनेट उघडं होतं. आत माझीच बॅटरी, बाजूला मुलानं चिकटवलेलं क्रिकेटचं स्टिकर अजून तसंच. माझ्यासमोर ड्रायव्हरनं सेल्फ मारला, एका दमात उठला टेम्पो.